मदत हवी आहे: साथीच्या काळात माहिती देणाऱ्याच्या पदरात काय पडावं?

नमस्कार मंडळी, नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी एक तास घ्यायचा आहे. विषय: साथीच्या काळात रुग्णांची माहिती आणि नमुने वाटून घेण्यामागची मूल्यं. "माहिती लपवू नका" एवढ्यावर थांबायचं नाही.

२००७मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं. आमच्या नमुन्यांवरून बनणारी लस आम्हालाच परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०११मध्ये नमुन्यांबरोबर लाभही वाटून घेण्याची चौकट मंजूर झाली. तक्रार मला रास्तच वाटते. पण नमुने अडले की सगळ्यांचाच धोका वाढतो, हेही नजरेआड करवत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची खबर तातडीने जगाला दिली, तर अनेक देशांनी तिथली विमानंच बंद केली! हा सरळ अन्याय होता.

मुली विचारणार, "आणि रुग्णाचं काय?" त्याचं नाव-पत्ता कुणापर्यंत जावा? संमती नसेल तर? इथे मी अडते. आपल्याकडे क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं २०१२पासून बंधनकारक आहे. या कामातलं कुणी इथे असेल, तर रुग्णाला हे तुम्ही कोणत्या शब्दांत समजावता, ते लिहाल का? फक्त कुणाची ओळख उघड होऊ देऊ नका.