नगरपंचायत हद्दीतील प्लॉटवर घर बांधायचे आहे : परवानगीचा क्रम कसा असावा?

प्रश्न (कृष्णाकाठ)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमचे गाव तालुक्याचे ठिकाण असून काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. वडिलांनी आणि काकांनी मिळून येथे एका जुन्या अकृषिक ले-आउटमधील दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता. सातबाऱ्यावर दोघांची नावे सामाईक आहेत. त्यावर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधण्याचा आमचा विचार आहे आणि त्यासाठी बँकेचे कर्ज घ्यावे लागणार आहे.

आमच्याकडे खरेदीखत, सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या काळातील नमुना आठचा उतारा एवढी कागदपत्रे आहेत. शेजाऱ्यांनी कुंपणाची भिंत घातली, तेव्हा ती आमच्या बाजूला सुमारे दीड फूट सरकली, असा आम्हाला संशय आहे. ज्यांच्याकडे नकाशा करायला दिला आहे, ते म्हणतात की लहान घराला आता दहा दिवसांत परवानगी मिळते, तेव्हा पाया खोदायला सुरुवात करावी आणि कागद मागाहून होतील. वडील पासष्टीच्या पुढचे आहेत आणि आयुष्यभराची बचत यात जाणार आहे, म्हणून कोणतेही काम नियम सोडून करण्याची आमची तयारी नाही. कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त नगर अभियंता)

पाया अजिबात खोदू नका. प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची लेखी परवानगी) हातात नसताना केलेले बांधकाम महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे अनधिकृत ठरते आणि त्यावर कलम 53 ची (बांधकाम पाडण्याची) नोटीस येऊ शकते. पुढे प्रशमन शुल्क (तडजोडीची रक्कम) भरून ते नियमित करता येते खरे, परंतु मुळात नियमांत बसणारे बांधकामच तसे नियमित होते. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) न सोडता उभारलेली भिंत कितीही शुल्क भरले तरी नियमात बसत नाही.

दहा दिवसांची गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट सांगितली जाते. 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत लहान भूखंडांसाठी सोपी पद्धत आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने प्रमाणित केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरले की पावतीलाच परवानगी मानले जाते, आणि 150 ते 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देणे अपेक्षित असते. दोन गुंठे म्हणजे सुमारे 202 चौरस मीटर, त्यामुळे आपण दुसऱ्या गटात येता. मात्र या सवलतीचा आधार भूखंडाच्या कायदेशीरपणावर आहे. ले-आउट मंजूर आहे, आपला प्लॉट क्रमांक त्या मंजूर नकाशावर तसाच आहे आणि जागेची हद्द निश्चित आहे, हे कागदावर दिसले पाहिजे. माझ्या नोकरीच्या काळात फायली अडकत, त्या बहुतेक घराच्या नकाशामुळे नव्हे, तर जमिनीच्या कागदांतील विसंगतीमुळे. म्हणून घराच्या नकाशाआधी जमिनीचा नकाशा हातात घ्या, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही. आपल्याला अकृषिक आदेशाची प्रत आणि त्यासोबतचा मंजूर रेखांकनाचा (ले-आउटचा) नकाशा मिळवावा लागेल. तो घरी नसेल तर तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. आदेशाची प्रत आली की त्यातील अटी शांतपणे वाचा, कारण रस्त्याची रुंदी आणि खुली जागा तिथेच लिहिलेली असते. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, नगरपंचायतीकडून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे त्याचा) व भाग नकाशा (विकास योजनेतील आपल्या भागाचा), आणि मग ऑनलाइन प्रणालीत प्रस्ताव, असा क्रम ठेवा.

उत्तर २ (साखळी-फाळणी)

मी खासगी मोजणीचे काम करतो, त्यामुळे फक्त मोजणीविषयी लिहितो. खासगी मोजणी आपल्या माहितीसाठी उपयोगी पडते, पण प्रस्तावाला उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाची ‘क’ प्रतच (मोजणीचा अधिकृत नकाशा) जोडावी. अर्ज ऑनलाइन होतो आणि नियमित किंवा द्रुतगती असा प्रकार निवडता येतो. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या धारकांना जाते, तेव्हा शेजाऱ्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावे आणि त्या दिवशी दोन्ही भावांनी जागेवर हजर राहावे. भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतील तेव्हा तिथे लगेच दगड किंवा सिमेंटचे खांब रोवून घ्या, कारण चुन्याची रेघ एका पावसात जाते.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागता येते. भिंत खरोखरच आत आलेली निघाली, तरी तो वाद दिवाणी स्वरूपाचा आहे आणि नगरपंचायत तो सोडवत नाही. मालकी कागदावरील क्षेत्र आणि मोजणीत आलेले क्षेत्र यांत फरक पडला, तर चटईक्षेत्र निर्देशांकासाठी (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते, त्या हिशोबासाठी) कमी असलेले क्षेत्रच धरले जाते. वाद न वाढवता घर बांधायचे असेल, तर प्रत्यक्ष ताब्यातील हद्दीपासून सामासिक अंतर सोडून नकाशा करणे हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे.

उत्तर ३ (आजोळ)

आम्ही मागील वर्षी अशाच लहान शहरात घर पूर्ण केले. सामाईक नावांकडे आताच लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. परवानगीच्या अर्जावर सर्व सहधारकांच्या सह्या लागतात, आणि प्लॉट तारण ठेवताना बँकही काकांना समोर बसवणार. काका परगावी असतील तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करावे. तोंडी संमतीवर फाईल पुढे सरकत नाही. प्लॉटचे दोन तुकडे करून एकावरच घर मागण्याचा विचार मात्र करू नये, कारण मंजूर ले-आउटमधील प्लॉटचे पोटविभाजन हा वेगळ्या मंजुरीचा विषय आहे.

खर्चाचा अंदाज करताना छाननी शुल्क आणि विकास शुल्क धराच, शिवाय कामगार कल्याण उपकरही धरावा. तो बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो. स्वतःच्या राहण्यासाठीचे घर पन्नास लाखांपर्यंतच्या खर्चाचे असेल तर तो लागत नाही (नोव्हेंबर 2025 पूर्वी ही मर्यादा दहा लाख होती).

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. काकांशी बोलणे झाले असून ते सह्यांसाठी येणार आहेत. आणखी एक शंका आहे. आमच्या शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली आहे आणि त्यात आमच्या समोरचा रस्ता रुंद दाखवला आहे. योजना अंतिम झालेली नसताना ती आम्हाला लागू होते का?

उत्तर ४ (निवृत्त नगर अभियंता)

होय, विचारात घ्यावीच लागते. अधिनियमाच्या कलम 46 नुसार परवानगी देताना नियोजन प्राधिकरणाला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप योजनेचाही विचार करावा लागतो. भाग नकाशावर रुंदीकरणाची रेषा प्लॉटमध्ये कुठपर्यंत येते ते मोजून घ्या आणि समोरचे अंतर त्या नव्या रेषेपासून सोडा. रस्त्यात जाणारी पट्टी विनामोबदला हस्तांतरित केल्यास तिचे चटईक्षेत्र उरलेल्या प्लॉटवर वापरण्याची तरतूद आहे, ती प्रस्तावातच मागावी. रुंदीकरण चुकीचे वाटत असेल, तर प्रसिद्धीच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या.

साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते, असेही आपल्याला कोणी सांगेल. कायद्यात तशी तरतूद आहे, परंतु कार्यालयाने त्रुटी कळवली असेल तर मुदत आपल्या उत्तराच्या तारखेपासून मोजली जाते, आणि नकाशा नियमबाह्य असेल तर ही मानीव परवानगी कामास येत नाही. त्यामुळे त्रुटीपत्र आले की त्याच आठवड्यात उत्तर द्या. परवानगी मिळाल्यावर तिची एक वर्षाची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करा, जोत्यापर्यंत काम आल्यावर जोते तपासणी दाखला घ्या आणि काम पूर्ण होताच भोगवटा प्रमाणपत्रासाठी (घर राहण्यास वापरण्याच्या परवानगीसाठी) अर्ज करा. लहान गावांत हे शेवटचे प्रमाणपत्र घ्यायचे राहून जाते आणि पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना मुलांना त्याचा त्रास होतो. जिना किंवा संडासाची जागा बदलावीशी वाटली, तर ते काम करण्यापूर्वी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या.