मदत हवी आहे: पावसाळी ट्रेकसाठी हलका कॅमेरा घ्यावा की दणकट?

नमस्कार मंडळी. माझा निकॉन डी७००० बॅटरी-कार्डासकट ७८० ग्रॅमचा, १८-१४० लेन्स लावली की सव्वा किलोच्या वर. वरून-मागून मॅग्नेशियमचं कवच, सांध्यांना सील. कोकणकड्यावर धुक्यात बाहेरून ओलाचिंब झाला, तरी कधी अडला नाही. पण हल्ली गड उतरेपर्यंत उजवा खांदा भरून येतो.

कॅनन आर५० दुकानात हाताळला. बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम! वजन जाणवतच नाही, पण करंगळी ग्रिपखाली लोंबकळत राहते आणि सील नाही. पूर्वी असाच एक हलका कॅमेरा माझ्याकडे होता (वेगळ्या कंपनीचा). त्याच्या ट्रायपॉडच्या स्क्रूभोवतीचं प्लास्टिक दोन वर्षांत तडकलं. ती धास्ती अजून आहे.

फुजी एक्स-टी५ मनात भरलाय: ५५७ ग्रॅम, सीलबंद. अडचण लेन्सची. १८-५५ ला सील नाही, म्हणजे पाणी तिथूनच आत शिरणार. सीलवाली १६-८० घेतली तर तीच ४४० ग्रॅम, पुन्हा किलोभर झालंच. एवढे पैसे घालून पाव किलोच वाचणार.

जून ते सप्टेंबर सह्याद्रीत हलका, बिनसीलचा कॅमेरा कुणी सलग वापरलाय का? रेनकव्हर आणि सिलिका जेलवर भागतं का? वाऱ्यासोबत आडवा पाऊस आला की काय करता? स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, जूनच्या आत ठरवायचं आहे.