२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे हाताने सिद्ध करतोय, एका पायरीवर अडकलोय

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

२ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, तेही नुसत्या कागदावर. वर्गमूळ ४६३४० च्या जरासं वर जातं, तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागत बसायचं तर हजारो भागाकार होतील, म्हणून त्याने आधी भाजक कसा असू शकतो तेच ठरवून टाकलं.

पहिला भाग मला कळला. समजा न हा मूळ भाजक आहे, तर २ च्या ३१ व्या घाताला न ने भागून बाकी १ उरते, आणि फर्माच्या प्रमेयाने न-१ व्या घाताचीही १. ३१ स्वतः मूळ, त्यामुळे न-१ ला ३१ ने भाग जायलाच हवा, शिवाय न विषम, म्हणून न = ६२क+१. हे स्वतः काढलं तेव्हा खूप भारी वाटलं! (२०४७ वर, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १ वर पण ताडून बघितलं, २३ × ८९, दोन्ही २२क+१ आहेत.)

आता अडचण. २ च्या १६ व्या घाताचा वर्ग म्हणजे ३२ वा घात, त्याची बाकी २. म्हणजे कुठल्यातरी वर्गाची बाकी २ येते, ठीक. पण त्यावरून न ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरणार हे कुठून आलं? ७, १७, २३ ला ३, ६, ५ चे वर्ग चालतात, ३, ५, ११, १३ ला काहीच चालत नाही. पॅटर्न दिसतोय, कारण दिसत नाही, आणि नुसतं पाठ करून पुढे जायचं नाहीये.

प्रतिसाद:
११ घ्या. २, ४, ६, ८, १० चा गुणाकार म्हणजे २ चा ५ वा घात गुणिले १ ते ५ चा गुणाकार. आता ६, ८, १० मधून ११ वजा करा, -५, -३, -१ मिळतात, म्हणजे तेच १ ते ५ पण तीन वजा चिन्हांसकट. म्हणून २ च्या ५ व्या घाताची बाकी -१ (म्हणजे १०). २ ही वर्गाची बाकी असती तर फर्माप्रमाणे इथे +१ यायला हवं होतं. १७ ला वजा चिन्हं चार येतात, म्हणून जमतं. ८क+१, ८क+३, ८क+५, ८क+७ साठी न च्या निम्म्यापेक्षा मोठ्या सम संख्या मोजा.

धागाकर्ता:
मोजल्या! २क, २क+१, २क+१, २क+२. सुटलं, मनापासून आभार. १ आणि ७ लाच वजा चिन्हं सम येतात. ही अट ६२क+१ शी जोडली की न ला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३, असे ४६३४० पर्यंत फक्त ३७३ आकडे. ६३ आणि २४९ ३ नेच उडाले, आता ३११ पासून भागायला बसतो.