मदत हवी आहे: सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरवर आता कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकू?

घरचा पीसी: आय-५ ७४००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी चालू केल्यावर विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेचं मॉड्यूल) दिसतं, तरी ११ ची तपासणी प्रोसेसरवरच अडते. आडमार्गाने ११ टाकायचं नाही. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, सगळंच बदला. बजेट आठ हजार!

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) चालवून पाहिलं, वायफाय-आवाज ठीक. व्हॅलोरंट हा गेम तिथे चालत नाही, ते सोडायला धाकटा तयार आहे (तोंड पाडून). जीटीए ५ ची स्टोरी मात्र हवीच. या कार्डासाठी एनव्हिडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका. ती टाकून प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं साधन) कुणी खेळतंय का? ८ जीबी पुरते, की आधी रॅम वाढवू?