मदत हवी आहे: जर्मनीतलं कचरा वर्गीकरण आठवीच्या वर्गात

जर्मनच्या तासाला तिथलं रोजचं जगणं घेतेय. 40 मिनिटं, 45 मुलं, प्रोजेक्टर नाही. रंगीत खोकी मांडून पाहिली: निळं कागदाला, तपकिरी ओल्या कचऱ्याला, पिवळं वेष्टनांना, काळं उरलेल्याला. प्लास्टिक दिसलं की मुलं पिवळ्यात टाकतात. पण बऱ्याच गावांत तिथे फक्त वेष्टनं चालतात, मोडका टूथब्रश काळ्यात जातो. काचेचे डबे रस्त्यावर, रंगानुसार वेगळे. 25 सेंट अनामतीची बाटली मात्र दुकानातच परत (हे लगेच पटतं, भंगारवाला ओळखीचा!). तक्ते सुचवू नका, पाठ होऊन विसरले जातात. नियम गावागणिक बदलतात, म्हणून तिथे राहणाऱ्यांनी गावाच्या नावासह सांगावं: तेलकट पिझ्झाचं खोकं, चहाची पिशवी आणि तुटलेली प्लास्टिकची बादली तुम्ही नेमकी कुठे टाकता?