चाकांवरचा बंगला आणि बाबांचं मशीन: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: आई-बाबा जुलैत येतायत, तर कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या उंच झाडांच्या जंगलात आरव्हीनेच जाऊ. २८ फुटी बघून ठेवलीय. सॅन होजेहून निघायचं, हायवे १ ने समुद्राकाठी फोर्ट ब्रॅग, मग ईल नदी, ट्रिनिडाड, क्लॅमथ आणि शेवटी स्मिथ नदी. पाच रात्री, पाच मुक्काम. बोला.

काका: वा! चाकांवरचा बंगला!!

बाबा: आरव्ही म्हणजे नटनट्यांची ती व्हॅनिटी व्हॅन असते, तशीच ना?

वहिनी: तशीच, बाबा. झोपणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं आत.

आई: संडाससुद्धा?

वहिनी: तोसुद्धा.

मावशी: पाच रात्री पाच मुक्काम? आरव्ही आहे का एसटी? आम्ही पहिल्या वेळी हेच करून बसलो. रोज सकाळी नळी काढा, वायर गुंडाळा, कपाटांना खिट्ट्या लावा. एक खिट्टी राहिली आणि पहिल्याच वळणावर तेलाची बाटली खाली. पुढे चार दिवस अख्ख्या गाडीला शेंगदाणा तेलाचा वास. दोनच ठिकाणी तळ ठोक.

आणि हायवे १ विसर. लेगेटपासून फोर्ट ब्रॅगपर्यंत नुसती वळणं आहेत. ताईला वरंधा घाटात गाडी लागते, तिला तिथून नेणार? हायवे १०१ ने सरळ वर जा.

आई: वरंध्याचं दर वेळी काढायची गरज नाही.

दादा: मग समुद्र कुठे बघायचा?

मावशी: क्रेसंट सिटीला १०१ समुद्राला चिकटूनच जातो, आणि स्मिथ नदी तिथून पंधरा-वीस मिनिटांवर. पहिला तळ अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स या रेडवूडमधल्या रस्त्यावर, ईल नदीजवळ. बर्लिंग्टन म्हणून सरकारी कॅम्प आहे. दुसरा स्मिथवर. मध्ये सव्वादोनशे किलोमीटर. तेवढी एकच मोठी हलवाहलव.

पण २८ फुटी नको. सरकारी कॅम्पातल्या जागा जुन्या झाडांच्या मधून काढलेल्या असतात, बऱ्याच ठिकाणी एवढी गाडी बसतच नाही. बुकिंग करताना जागेची लांबी लिहिलेली असते, ती आधी बघ, गाडी नंतर ठरव. आणि तिथे वीज-पाण्याचं कनेक्शन नसतं.

बाबा: वीज नाही म्हणजे माझं रात्रीचं श्वासाचं मशीन?

वहिनी: जनरेटर असतो ना गाडीत?

मावशी: कॅलिफोर्नियाच्या सरकारी पार्कांत जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ एवढाच लावता येतो. भाऊजींना मशीन लागतं ते झोपल्यावर. त्यामुळे पहिल्या दोन रात्री मशीनसाठी वेगळी बॅटरी घ्या, आणि ती घरी एक रात्र वापरून बघा. पुढच्या तीन रात्री स्मिथकाठच्या एखाद्या खासगी आरव्ही पार्कात काढू. तिथे ३० अँपिअरचं कनेक्शन, नळ, ड्रेनेज सगळं मिळतं. तरी ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट. इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम लावलात की खट्ट.

बाबा: हे बरं झालं विचारलं. आता दुसरा प्रश्न. त्या संडासाचं पुढे काय होतं?

मावशी: टाकीत साठतं. दोन टाक्या असतात. काळी संडासाची, करडी सिंक आणि अंघोळीची. डंप स्टेशनवर जाड नळी जोडून आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हातमोजे घालून. क्रम चुकला तर नळी घाण राहते आणि ती गुंडाळून परत गाडीतच ठेवायची असते.

आई: मी नाही हो त्यातलं काही करणार.

दादा: मी करतो 😑

काका: जगातलं सर्वांत उंच झाड तिथेच आहे ना? हायपेरियन. त्याच्यासमोर सगळ्यांचा फोटो पाहिजे.

मावशी: तिकडे जायला २०२२ पासून बंदी आहे. पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. ११५ मीटरच्या वर उंची, पण मुळं फार खोल जात नाहीत, उथळच पसरतात, आणि लोकांनी बुंध्याभोवतीची जमीन तुडवून टाकली. रस्ताही नव्हता, झाडीतून वाटा पाडल्या. आणि खरं सांगू, खाली उभं राहून ११५ मीटर काय आणि १०० काय, शेंडा कुठलाच दिसत नाही.

स्टाउट ग्रोव्ह ही रेडवूडची राई बघा. तिथे जाणारा हाउलंड हिल रोड कच्चा आणि अरुंद, आरव्हीने जायचंच नाही. पण उन्हाळ्यात जेडेडाया स्मिथ पार्कच्या कॅम्पातून नदीवर पायी जायचा तात्पुरता पूल टाकतात. पूल ओलांडला की पलीकडे ती राई. खाली नदी हिरवट काचेसारखी, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. स्मिथच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही.

बाबा: धरण नाही, मग पूर?

मावशी: येतो की. ईलकाठी वीऑट गावापाशी उंच खांबावर पाटी आहे, डिसेंबर १९६४ च्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची. मान पूर्ण मागे टाकून बघावी लागते. त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्काच्या भूकंपानंतर क्रेसंट सिटीला त्सुनामी आली होती.

बाबा: पानशेतच्या वेळी पेठेत पाणी कुठवर आलं होतं ते आमचे वडील असंच भिंतीवर हात ठेवून दाखवायचे. ती पाटी बघायची. लिहून ठेवा.

आई: आम्ही फिरायला येतोय की पूर बघायला? थंडी किती असते ते सांग.

मावशी: ताई, ईलकाठी दुपारी घाम येईल आणि किनाऱ्यावर त्याच दिवशी शाल लागेल. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं आत येतं, पाऊस नसतो तेव्हा ही झाडं बरीचशी त्या धुक्यावरच भागवतात. सकाळी टपटप ऐकू येईल आणि तुला वाटेल पाऊस पडतोय. धुकंच ते, फांद्यांवरून गळतं. आणि पाण्याच्या कडेला उभं राहून समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत. मोठी लाट न सांगता येते.

आई: बरं. चिवडा, शंकरपाळे, चकल्या करून ठेवते सॅन होजेलाच.

मावशी: चिवड्याचं जरा बघून. टेबलावर एक पोहा सांडलेला चालत नाही तिथे.

काका: 😂 काय सोवळं आहे का?

मावशी: हसू नका, ऐका. मार्बल्ड मरलेट म्हणून समुद्रपक्षी आहे. दिवसभर समुद्रात मासे पकडतो, पण अंडं घालायला आत जंगलात येतो, जुन्या झाडाच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर. घरटंही बांधत नाही. अंडं एकच. आपण खाली सांडलं की ‘जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे कॅम्पाभोवती वाढतात आणि वरची अंडी-पिल्लं खातात. म्हणून पार्कवाले सांगतात, एक कणसुद्धा ठेवू नका. मागच्या वेळी मी डबा उघडायच्या आत एक ‘जे’ टेबलावर हजर! मान वाकडी करून डब्याकडेच बघत होता. आम्ही गाडीत बसून खाल्लं.

आई: एवढ्या लांब जंगलात जाऊन गाडीत बसून चिवडा खायचा?

वहिनी: आई, नारळाच्या वड्या करू या. सांडायचा प्रश्नच नाही.

आई: हं. वड्या चालतील. कुकर घेऊ ना?

मावशी: घे, पण रात्री दहानंतर शिट्टी नको, शांततेची वेळ असते. मी माझी छोटी गाडी घेऊन सॅक्रामेंटोहून तिकडेच येते. म्हणजे आरव्ही एकदा लावली की हलवायची नाही, सगळी फिराफिर त्या गाडीने.

दादा: ठरलं. १२ जुलै ते १७. गाडी छोटी बघतो.

मावशी: जागा आधी! सरकारी कॅम्पाचं बुकिंग सहा महिने आधी सकाळी ८ ला उघडतं. म्हणजे १२ जानेवारी, येत्या सोमवारी. तत्काळच्या तिकिटासारखं असतं, दोन मिनिटं उशीर झाला की संपलं.

काका: आपल्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात?

दादा: रात्रीचे साडेनऊ.

काका: मग मी पण बसतो. तुझं लॉगिन पाठव. जेवण आटपून सव्वानऊला तयार.