प्रिव्हेंट: विद्यार्थ्यांच्या डोक्यात काय चाललंय हे पोलिसांना कळवणं प्राध्यापकाचं काम आहे का?

मिडलँड्सचा_मास्तर
मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतो. विद्यार्थी दहशतवादाकडे ओढला जातोय का, हे ओळखायचं एक ऑनलाइन ट्रेनिंग आम्हाला करावं लागतं. एकटा राहू लागलाय का, मित्र बदललेत का, एखाद्या विषयावर एकदम टोकाचं बोलतो का. (पहिल्या वर्षाच्या निम्म्या वर्गाला हे लागू पडतं.) संशय आला की विद्यापीठाने नेमलेल्या माणसाला सांगायचं, आणि पुढे पोलिसांकडे पाठवायचं की नाही ते तो ठरवणार.

ही ब्रिटिश सरकारची 'प्रिव्हेंट' योजना ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर फोफावली. २०१५ च्या कायद्याने शाळा, दवाखाने, तुरुंग आणि विद्यापीठांवर ते कायदेशीर बंधनच झालं. नुसता दहशतवाद नाही, 'अतिरेकी विचार'ही त्यात येतात, आणि २०११ मध्ये सरकारने त्याची केलेली व्याख्या म्हणजे 'मूलभूत ब्रिटिश मूल्यांना' बोलून किंवा कृतीने विरोध. राजेशाहीविरुद्ध बोलणारा त्यात बसतो का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

२०१५ मध्येच स्टॅफर्डशायर विद्यापीठाच्या लायब्ररीत दहशतवादावरचं पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या एकाची चौकशी झाली. तो त्याच विषयात एमए करत होता! विद्यापीठाने नंतर माफी मागितली. २०१८ मध्ये रेडिंग विद्यापीठाने क्रांतीच्या नैतिकतेवरचा एक निबंध संवेदनशील ठरवला आणि तो इकडेतिकडे पडू देऊ नका अशी ताकीद विद्यार्थ्यांना दिली. निबंध अभ्यासक्रमातलाच.

हे बातमीत आलेलं. माझ्या वर्गात जे होतं ते बातमीत येत नाही. गाझावर चर्चा ठेवली की ज्या मुलांकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं तीच गप्प बसतात. नंतर केबिनमध्ये येऊन विचारतात, 'हे निबंधात लिहिलं तर चालेल ना?' चालेल असं मी म्हणतो. त्यांचा विश्वास बसत नाही.

ठाणेकर_लंडनमधून
मास्तर, ७ जुलैला ५२ माणसं मेली. मी तेव्हा लंडनमध्येच नोकरीला होतो, त्यामुळे 'फोफावली' हा तुमचा शब्द मला जरा लागला.

दुसरं उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये खासदार स्टीफन टिम्स लोकांच्या तक्रारी ऐकायला बसले होते. २१ वर्षांची एक मुलगी हात मिळवायला पुढे आली आणि तिने पोटात सुरा खुपसला. ही किंग्ज कॉलेजची हुशार विद्यार्थिनी. इंटरनेटवर अल-कायदाचा प्रचारक अन्वर अल-अवलाकी याची प्रवचनं ऐकत होती. पदवी हातातोंडाशी आलेली असताना तिने कॉलेज सोडलं. का सोडलं, हे खोलात जाऊन विचारण्याची जबाबदारी कोणाची होती? कोणाचीच नाही. म्हणून २०१५ चा कायदा लागला.

आणि गळचेपीचं म्हणाल तर आकडे बघा. २०१७-१८ मध्ये इंग्लंडच्या विद्यापीठांत बाहेरच्या वक्त्यांचे साठ हजारांच्या आसपास कार्यक्रम होते. नाकारले किती? ५३. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की विद्यापीठाने हे करताना भाषणस्वातंत्र्याकडे विशेष लक्ष द्यावं. प्रकरण पुढे गेलं तरी 'चॅनल' नावाची जी समुपदेशनाची सोय आहे ती ऐच्छिक आहे, नको म्हणता येतं.

मिडलँड्सचा_मास्तर
५३ वर तुमचा फार भर आहे. त्याच वर्षी दोन हजारांवर कार्यक्रमांना अटी घातल्या होत्या, ते तुम्ही सोडलंत. आणि विद्यार्थ्यांनी 'कशाला कटकट' म्हणून ज्याला बोलावलंच नाही, तो वक्ता कुठल्या रकान्यात मोजणार?

टिम्स प्रकरणातली मुलगी आपल्या खोलीत बसून ऐकत होती. ती वर्गात काही वावगं बोलली असती तर निदान कोणीतरी तिच्याशी वाद घातला असता. २००९ च्या नाताळात विमानात बॉम्ब उडवू पाहणारा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा माजी विद्यार्थी आठवतो? तिथल्या इस्लामिक सोसायटीचा तो अध्यक्ष होता. कॉलेजने चौकशी नेमली. तो तिथे असताना कट्टर झाला याचा पुरावा तिला मिळाला नाही.

सदाशिव_१९०९
अवांतर होईल, पण मास्तरांनी कॉलेजचं नाव घेतलंच आहे तर सांगतो. मदनलाल धिंग्रा याच युनिव्हर्सिटी कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होते. १ जुलै १९०९ ला त्यांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. हिंदी विद्यार्थ्यांवर नजर ठेवणं तेव्हाही जोरात होतं. १९०७ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी ली-वॉर्नर समिती नेमली, तिचा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला. सावरकर आणि इतर हिंदी विद्यार्थी राहायचे त्या लंडनच्या इंडिया हाऊस वसतिगृहात दंतवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून राहायला आलेला एक मराठी माणूस खबऱ्या निघाला. सावरकरांच्या चरित्रांत येतं की त्याला पकडल्यावर हाकललं नाही, त्याच्याच हातून सोयीचे अहवाल पाठवून घेतले.

एवढी पाळत असून गोळी सुटलीच.

ठाणेकर_लंडनमधून
काका, धिंग्रांना आणि विमानातल्या शेकडो प्रवाशांना मारायला निघालेल्याला एका ओळीत बसवू नका.

सदाशिव_१९०९
माणसांची तुलना केलीच नाही, पाळतीची केली. पुन्हा वाचा.

ठाणेकर_लंडनमधून
वाचलं. पाळतीतून सुटलेला एक दिसतो, अडलेले दहा दिसत नाहीत. मास्तरांचे न बोलावलेले वक्ते मोजता येत नाहीत ना, तसेच न फुटलेले बॉम्बही मोजता येत नाहीत.

हायकोर्टाच्या_पायरीवर
दोघांचंही अर्धंच पटतं. मी मुंबईत वकिली करते.

प्रिव्हेंट लेखी आहे, म्हणून त्याच्याशी कोर्टात भांडता येतं. २०१९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने विद्यापीठांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतला वक्त्यांबद्दलचा परिच्छेद बेकायदा ठरवला, कारण तो एका बाजूला झुकलेला होता. २०२० मध्ये एका शाळकरी मुलाची नोंद प्रकरण बंद झाल्यावरही लंडन पोलिसांनी ठेवून दिली होती, तीही हायकोर्टात टिकली नाही. तेव्हा ठाणेकर, 'ऐच्छिक' म्हणून सोडून देऊ नका. चॅनलला नाही म्हणता येतं, फाईलला नाही म्हणता येत नाही.

आपल्याकडे धोरणच नाही, थेट कारवाई. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दल इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली, थोड्याच वेळात काढली, माफीही मागितली. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. परीक्षा तोंडावर. २७ मे ला मुंबई हायकोर्टाने जामीन दिला आणि कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली. मुंबईच्या 'टिस'ने (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) २०२४ मध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. हायकोर्टात तो हरला. सुप्रीम कोर्टाने त्याला परत घ्यायला लावलं तोवर वर्ष उलटलं होतं. त्या वर्षाचं काय?

म्हणून माझा आक्षेप नजर ठेवण्यावर कमी आणि न सांगता ठेवण्यावर जास्त आहे.

मिडलँड्सचा_मास्तर
सांगून ठेवली तरी मूल गप्पच बसतं. उलट सांगितल्यामुळेच बसतं.

खवट_पेठकर
आमच्या वेळी होस्टेलचा रेक्टर सगळ्यांची पत्रं वाचायचा. त्याला कोणी धोरण म्हणत नव्हतं.

नाशिकची_आई
मोठी मंडळी भांडताहेत, मध्येच विचारते. मुलगी सप्टेंबरमध्ये लीड्सला एमएला चालली आहे, विषय आंतरराष्ट्रीय सुरक्षा. तिने फोनमधून काय काय काढून टाकावं?

ठाणेकर_लंडनमधून
काही नाही, ताई. घाबरवून घेऊ नका. नाव कळवलं गेलं म्हणजे गुन्हा नोंदला असं नसतं.

मिडलँड्सचा_मास्तर
ताई, फोनचं राहू दे, डाउनलोडचं बघा. २००० च्या दहशतवाद कायद्याच्या ५८ व्या कलमाखाली दहशतवाद्याला उपयोगी पडेल अशी माहिती जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. अभ्यासासाठी असेल तर बचाव आहे, पण बचाव सांगायची वेळ अटकेनंतरही येऊ शकते. २००८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात अल-कायदाचं मॅन्युअल संशोधनासाठी उतरवलं म्हणून एका विद्यार्थ्याला जवळजवळ आठवडाभर कोठडीत ठेवलं. ते अमेरिकन सरकारच्या वेबसाईटवर उघड पडलेलं होतं. आरोप काहीच ठेवले नाहीत, २०११ मध्ये पोलिसांनी २०,००० पौंड भरपाई दिली. मुलीला सांगा, असलं काही लागलं तर आधी गाईडला ईमेल करून लेखी होकार घ्यायचा, विद्यापीठाच्या लायब्ररीतूनच मागवायचं आणि कोणाला फॉरवर्ड करायचं नाही.

नाशिकची_आई
आणि गाईडनेच ती ईमेल पुढे पाठवली तर?

मिडलँड्सचा_मास्तर
पाठवू शकतो. मी पाठवणार नाही. दुसऱ्याची हमी देत नाही.

ठाणेकर_लंडनमधून
पाठवली तर त्या ईमेलमध्येच तिचा होकार मागितल्याचा पुरावा असेल. मला त्यात वाईट काही दिसत नाही.